फोटोतली गुलाबी आणि मांडीवरची सावळी

पत्र: "सिस्टर, माझं माहेर चोपडा तालुक्यात, सासर धुळ्याजवळ. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मे महिन्यात मुलगी झाली, आता ती दोन महिने दहा दिवसांची आहे. जन्मली तेव्हा गुलाबी होती, दवाखान्यातला फोटो आहे. चौथ्या दिवशी पिवळी पडली म्हणून दोन दिवस निळ्या लाइटखाली ठेवली. आता सावळी दिसते, कपाळ आणि कान तर जास्तच. सव्वा महिन्यानं बारसं केलं, तेव्हा सासूबाई फोटो आणि बाळ शेजारी शेजारी धरून म्हणाल्या, 'जलमनी तवय गोरीगोमटी व्हती, आते काई (काळी) पडी गई.' कोणी म्हणतं मी लोहाच्या गोळ्या खाल्ल्या म्हणून, कोणी म्हणतं लाइटनं भाजली, कोणी म्हणतं वैशाखाची झळ लागली. शेजारच्या काकूंनी तर दवाखान्यात बाळ बदललं नाही ना, असं विचारलं. कंबरेखाली निळा डाग आहे, तो पाहून नर्सच्या हातून पडली असेल असंही बोलून झालं. श्रावणात कानबाईच्या सणाला सगळे भाऊबंद जमतात, तोवर पोरगी उजळली पाहिजे म्हणून रोज बेसन, साय आणि हळद चोळायला सांगितलं आहे. चार दिवस चोळलं तर गळ्याला आणि मांडीत लाल पुरळ आलं. नवरा काही बोलत नाही. मी रात्री रडते. माझं कुठं चुकलं?"

लेकी,

आधी ती बेसनाची वाटी बाजूला ठेव. बाकीचं मग वाच.

दोन महिन्यांच्या बाळाची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. बेसनाचा कण तुझ्या-माझ्या हाताला मऊ लागतो, तिला तो खरवडतो. गळ्याच्या आणि मांडीच्या वळ्यांत साय अडकते, जुलैच्या दमट हवेत आंबते, आणि सोललेल्या जागेतून जंतू आत जातात. तुझ्या लेकीचं पुरळ तिथूनच आलेलं दिसतं. नुसत्या कोमट पाण्यानं धू, वळ्या उघडून मऊ सुती कापडानं टिपून कोरड्या कर, सैल झबलं घाल. पावडर नको, ती श्वासातून छातीत जाते. पुरळात पू दिसला, ते पसरायला लागलं किंवा बाळाला ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. अंगावरची लव काढायला म्हणूनही चोळायची गरज नाही, ती आपोआप गळते.

आता तुझा प्रश्न. तुझं काहीही चुकलेलं नाही. बाळाचा रंग बिघडलेला नाही, तो यायला लागला आहे.

मी ३२ वर्षं प्रसूती वॉर्डात काढली. गुलाबी बाळ जन्माला येताना मी एकदाही पाहिलेलं नाही. बाळ बाहेर येतं ते जांभळट, निळसर, अंगावर सायीसारखा पांढरा थर घेऊन. पोटात त्याला प्राणवायू वारेतून मिळतो आणि तो बेताचाच असतो. पहिलं रडणं झालं, छाती भरली की रंग पालटायला लागतो, आधी तोंड आणि छाती, मग हातपाय. अंगातला प्राणवायू पुरता वर यायला दहा मिनिटं लागतात. तळहात-तळपाय तर एखाद-दोन दिवस निळसर राहू शकतात. दारात उभ्या असलेल्या आजीच्या हातात बाळ जातं तोवर हे सगळं उरकलेलं असतं, म्हणून घरच्यांना वाटतं की बाळ जन्मलंच गुलाबी.

आणि तो गुलाबी रंगसुद्धा कातडीचा नसतो, आतल्या रक्ताचा असतो. पोटात प्राणवायू कमी, म्हणून निसर्गानं बाळाच्या रक्तात लाल पेशी जादा भरून ठेवलेल्या असतात. बाळंतपणात तुझं हिमोग्लोबिन ११ असेल, तर तुझ्या लेकीचं जन्मताना १६-१७ च्या घरात असणार. एवढं लाल रक्त आणि वर कांद्याच्या पापुद्र्यासारखी कातडी, मग बाळ गुलाबी नाही दिसणार तर काय? बाहेरच्या हवेत श्वास सुरू झाला की या जादा रक्ताची गरज संपते. शरीर नव्या लाल पेशी बनवणं काही आठवडे मंद करतं, जुन्या विरत जातात. ८ ते १२ आठवड्यांत वेळेवर जन्मलेल्या निरोगी बाळाचंही हिमोग्लोबिन १०-११ पर्यंत उतरतं आणि मग पुन्हा वाढायला लागतं. तुझी लेक नेमकी याच वयात आहे. लाली ओसरली, कारण ओसरण्याची वेळ झाली.

त्याच सुमारास दुसरी गोष्ट चालू असते. कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या माणसात कमी आणि काळ्यात जास्त असं नसतं, त्यांची संख्या सगळ्यांत जवळपास सारखीच. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचा रंग बनवतात यात. या रंगाला मेलॅनिन म्हणतात. जन्माच्या वेळी हे काम नुकतंच सुरू झालेलं असतं, पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत वाढत जातं. म्हणजे एकीकडून लाल उतरतो, दुसरीकडून सावळा चढतो, आणि दोन्ही एकाच वेळी घडल्यामुळे घरच्यांना वाटतं की पोर एकाएकी काळवंडली. बाळाचा स्वतःचा रंग बसायला काही महिने लागतात, कधी वर्षही.

आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका पहिल्याच दिवशी कानाची कड आणि नखांची मुळं बघून सांगायच्या, हा सावळा होणार. त्यात तथ्य आहे, तिथं रंग आधी दिसतो. तुझ्या लेकीचे कान गडद दिसतात ते याच कारणानं. छातीची बोंडं आणि शूची जागाही गडद असते, ती आईच्या हार्मोन्समुळे. तिथं तर काहीच चोळायचं नाही.

फोटोबद्दलही सांगते. ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात, चेहरा आपोआप उजळवणाऱ्या मोबाइलनं, पहिल्या दिवशी काढलेला फोटो आहे तो. त्याच्याशी पोरीची तुलना करत बसू नका.

मग हा रंग आला कुठून? तू कळण्याची भाकरी करतेस ना? ज्वारी आणि काळे उडीद मिळून दळायचं. उडीद किती पडले त्यावर पिठाचा रंग. एका दळणाची भाकरी दुसऱ्या दळणासारखी दिसत नाही, डबा तोच असला तरी. रंगाचं असंच आहे. तो एका जनुकानं ठरत नाही, कितीतरी जनुकं त्यात हात घालतात. तुझ्याकडून त्यांतली अर्धी, तिच्या बापाकडून अर्धी, आणि कोणती अर्धी हे कोणाच्या हातात नसतं. तुझ्या पणजीचे, नवऱ्याच्या आजोबांचे दाणे तुमच्या दोघांत न दिसता पडून असतात आणि पोरीत वर येतात. आईबापांपेक्षा सावळं किंवा उजळ मूल होणं यात नवल काही नाही. त्या काकूंनी पुन्हा विचारलं, तर हेच सांग. वॉर्डात बाळ जन्मल्या जन्मल्या त्याच्या हातापायाला आईच्या नावाची पट्टी बांधतात. रंगावरून बाळ बदलल्याचा संशय घेणं म्हणजे बाळंतिणीच्या काळजाला हात घालणं आहे.

लोहाच्या गोळ्या. गरोदरपणात रोज एक, निदान १८० दिवस, असं सरकार सांगतं, कारण रक्त कमी असलेली बाई बाळंतपणातला रक्तस्राव सोसू शकत नाही. या गोळ्यांनी काळी होते ती आईची शी. बाळाच्या कातडीपर्यंत त्यांचा रंग पोचत नाही, जसा केशराचाही पोचत नाही. खानदेशात कित्येक पोरींनी "बाळ काळं होईल" म्हणून या गोळ्या नळाखाली फेकलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि बाळंतपणाच्या टेबलावर त्यांचे पांढरेफटक ओठही पाहिले आहेत. तू गोळ्या घेतल्यास, शहाण्यासारखं केलंस. तुझ्या जावेला, नणंदेलाही घ्यायला सांग.

वैशाखाची झळ म्हणशील, तर सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत अंधारात झाकून ठेवलेल्या पोरीला कुठलं ऊन लागणार? मोठी झाल्यावर शेताबांधावर जाईल तेव्हा रापेल, सगळेच रापतात. सध्या तिला थेट उन्हात धरू नका. ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र रोज दे, ४०० युनिट. दिले नसतील तर डॉक्टरांना विचारून सुरू कर.

आता त्या निळ्या लाइटबद्दल, कारण त्यानं भाजलं असं म्हणणं मला फार लागतं. हा उपचार सापडला तो एका नर्सच्या नजरेमुळे. १९५६ साली इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात, रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या नर्स होत्या. कमी दिवसांच्या बाळांना मोकळी हवा मिळावी म्हणून त्या त्यांना अंगणात उन्हात नेत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडून दाखवलं. सगळं अंग फिकं, आणि मधे एक पिवळा त्रिकोण. डॉक्टरांना वाटलं काहीतरी रंग लावला आहे. पण तो त्रिकोण म्हणजे चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेली जागा होती. उजेड लागला तिथली कावीळ गेली, झाकलं तिथं राहिली. पुढे क्रेमर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिवे लावून प्रयोग केले आणि १९५८ साली ते छापले. आजही नवजात बाळाच्या काविळीवर जगभर हाच उपचार आहे. निळ्या उजेडानं कातडीतलं पिवळं द्रव्य असं बदलतं की ते शी-शूवाटे निघून जातं. त्या दिव्यात अंग भाजवणारे अतिनील किरण नसतात. तुझी लेक त्या लाइटखाली काळी पडली नाही, ती तिथं वाचली. तिला वेळेवर नेणाऱ्या तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

कंबरेखालचा निळा-राखाडी डाग हा मार नाही, ग्रहणही नाही. रंगाच्या पेशी कातडीच्या खोल थरात राहून गेल्या की असा डाग दिसतो. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना असतो आणि बहुतेकांचा चार-पाच वर्षांत फिकट होऊन जातो. माराचा डाग काही दिवसांत हिरवा-पिवळा होतो, हा तसाच राहतो. पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवून फाइलवर नोंद करून घे, म्हणजे पुन्हा कोणी संशय काढणार नाही.

एवढं झालं गोऱ्या-सावळ्याचं. मला खरं बोलायचंय ते पुढचं.

आपल्या घरांतून बाळाचा रंग इतका न्याहाळतात, आणि जो बघायला हवा तो नजरेतून सुटतो. वॉर्डात असताना एक आजी पाचव्या दिवशी नातवाला घेऊन आली होती. नाळेला वास येतो म्हणून दाखवायला. केळीच्या बागांतलं घर, आजी मोठ्या आनंदात. दुपटं उघडून म्हणाली, "सिस्टर, बघा तरी कसा रंग उघडला, पिकल्या केळासारखा!" मी बाळ खिडकीशी नेलं. तळपाय पिवळे, तळहात पिवळे. गालाला बोट लावलं तर तोंड वळवेना, नुसतं झोपलेलं. आजीच्या मते बाळ गुणी होतं, रडत नव्हतं. त्याला तसंच गाडीत घालून जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवलं, तिथं त्याचं रक्त बदलावं लागलं. वाचलं. चार दिवस घरभर त्या "गोरेपणा"चं कौतुक चाललं होतं. अशा काविळीतलं पिवळं द्रव्य मेंदूत शिरलं तर बाळ बहिरं होतं, लुळं होतं, जातंही.

दिवस भरलेल्या दहा बाळांत साधारण सहांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. बहुतेकांची साधी असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होते, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जास्त दिसते, दोन आठवड्यांत उतरते. पण पहिल्या २४ तासांत दिसली, तळपायापर्यंत उतरली, बाळ दूध ओढेना, उठवूनही उठेना, तर थांबायचं नाही. सावळ्या बाळात ती वरवर बघून कळत नाही. दिवसाच्या उजेडात कपाळ, छाती, मांडी, तळपाय असं एकेक ठिकाणी बोटानं हलकं दाबायचं आणि सोडायचं. क्षणभर रक्त सरकतं आणि खालचा पिवळा रंग दिसतो. डोळ्यांचं पांढरं आणि हिरड्याही बघायच्या. कोवळ्या उन्हात धरून ही कावीळ उतरवत बसू नये, तेवढा उजेड पुरत नाही आणि उघडं बाळ गारठतं किंवा तापतं. तुला दुसरं मूल होईल तेव्हा, किंवा गल्लीत कोणी बाळंत होईल तेव्हा, हे दाबून बघणं त्यांनाही दाखव. आशाताई बाळाच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते, तिलाही बाळ उघडून दाखवायचं, दुपट्यात गुंडाळलेलं नाही.

अजून एक, जे फार थोड्या घरांत माहीत असतं. आजीच्या जुन्या लुगड्याची दुपटी ट्रंकेतून निघतात आणि त्यांना डांबरगोळ्यांचा वास असतो. काही बाळांच्या रक्तात एक घटक जन्मतः कमी असतो. त्याला जी-सिक्स-पी-डी म्हणतात, आणि बाहेरून बघून ते कळत नाही. अशा बाळाच्या लाल पेशी त्या वासानं, त्या कपड्यानं भराभर फुटतात आणि कावीळ झपाट्यानं चढते. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी नकोच. असलेली दुपटी नुसती उन्हात टाकून भागत नाही, वास जाईपर्यंत धुवायची, आणि नाही गेला तर वापरायची नाहीत.

तुझ्या पत्रात लेकीच्या शी-शूबद्दल काही नाही, म्हणून विचारते. शीचा रंग कसा आहे? हळदीसारखी, मोहरीसारखी पिवळी किंवा हिरवट असेल तर ठीक. शाडूच्या मातीसारखी, चुन्यासारखी पांढुरकी असेल, शूचे लंगोटावर पिवळे डाग पडत असतील, किंवा डोळ्यांचं पांढरं अजून पिवळं असेल, तर हे पत्र ठेव आणि आजच निघ. दोन आठवड्यांनंतरही राहिलेली कावीळ तपासावीच लागते. पित्ताची नळी बंद असेल तर तिचं ऑपरेशन बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झालेलं बरं, आणि तुझी लेक त्या पलीकडे गेली आहे, म्हणून एक दिवसही घालवायचा नाही. तसंच ओठ आणि जीभ कधी निळी दिसली, किंवा हिरड्या, तळहात एकदम पांढरे पडले आणि दूध पिताना बाळ दमतंय, घामाघूम होतंय असं वाटलं, तर १०८ ला फोन कर. आजारी तान्ह्या बाळासाठी सरकारी दवाखान्यात उपचार आणि गाडी मोफत आहे.

सासूबाईंशी तू भांडू नकोस, पण तू एकटीनं ऐकूनही घेऊ नकोस. हे काम तुझ्या नवऱ्याचं आहे. पोर त्याची आहे, आई त्याची आहे. त्याला हे पत्र वाचायला दे आणि सांग, "तुम्ही बोला." एवढंच म्हणू दे त्याला, "आई, डॉक्टरांनी चोळायचं बंद करायला सांगितलंय, आणि पोरीच्या रंगावर तिच्यासमोर यापुढे कोणी बोलायचं नाही." सासूबाईंच्या हातांना नातीची ओढ आहे, ती मी नाकारत नाही. त्यांना मालिश करू दे, पुरळ गेल्यावर, खोबरेल तेलानं, हलक्या हातानं, हळद-बेसन न घालता. तेलानं रंग बदलत नाही, पण पोर शांत झोपते आणि आजीचा लळा लागतो. उजळवणारं कुठलंही क्रीम मात्र घरात शिरू देऊ नकोस, तुझ्यासाठीसुद्धा. त्यांतल्या काहींत पारा सापडतो, काहींत स्टेरॉइड.

आणि कानबाईचं म्हणशील, तर रोट होतील, भाऊबंद जमतील, कोणीतरी बोलेलही. पोरीला छान झबलं घाल आणि मांडीवर घेऊन सगळ्यांच्या मधे बस. आत खोलीत जाऊन बसू नकोस.

रात्रीचं रडणं मी सोडून देत नाही. बाळंतपणानंतर थोडे दिवस मन हळवं असतं, पण दोन महिने झाले तरी रोज रडू येत असेल, झोप लागत नसेल, बाळाला घ्यावंसंच वाटत नसेल, तर ते अंगावर काढायचं दुखणं नाही. १४४१६ या सरकारी नंबरवर मराठीत बोलता येतं, फोनला पैसे पडत नाहीत. आईलाही सांग, मनात ठेवू नकोस.

तुझी लेक दहा आठवड्यांची झाली, म्हणजे पेंटाची, म्हणजे पाच रोगांवरच्या लशीची, दुसरी मात्रा या आठवड्यात आहे. जाशील तेव्हा वजन करून घे, निळा डाग आणि पुरळ दाखव, आणि सकाळच्या शीचं लंगोट न धुता पिशवीत घालून सोबत ने. डॉक्टरांनी रंग डोळ्यांनी पाहिलेला बरा. वजन किती भरलं ते मला कळव.

तुझी,
सिस्टर